यंदा फरदड नको

पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेवटची वेचणी सुरू होती. "काकाजी, गाव तिसऱ्यांदा सरपंचपदाला उभी राहा म्हणते, काय करू?" असं तू विचारलंस. उत्तर आधीच सांगून टाकतो. उभी राहू नको. तू दोन पंचवार्षिकं चांगली चालवलीस, म्हणूनच हे तुला सांगतो आहे. वाईट सरपंचाला गाव कधी ना कधी घरी बसवतेच.

फरदड काय असते हे तुला शिकवायला नको. डिसेंबर सरता सरता उलंगवाडी, म्हणजे पीक काढून वावर मोकळं, व्हायला हवी. पण विहिरीला पाणी असलं की कास्तकाराला मोह होतो. दोन पाणी दिले, थोडं खत टाकलं की झाड पुन्हा चार बोंडं धरते. पैसा येतो, खोटं कशाला बोलू? पण गुलाबी बोंडअळीलाही उन्हाळ्यापर्यंत खायला मिळते आणि पुढच्या हंगामात ती धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जाते. २०१७ साली बोंडं फोडून पाहिली तेव्हा तुझा बाप धुऱ्यावर कसा मटकन बसला होता, ते तुला आठवत असेल.

मी स्वतः खुर्चीची फरदड घेतली आहे. दोन पंचवार्षिकं सरपंच होतो. तिसऱ्या वेळी पद महिलेसाठी राखीव निघालं, तर मी आमच्या वहिनीला बसवलं. सही तिची, शब्द माझा. पंधरा वर्षांत एक रुपया खाल्ला नाही, गाव आजही ते सांगते. पण दाखला पाहिजे, चला ओसरीवर. धुऱ्याचं भांडण, चला ओसरीवर. ग्रामसभेला यायची कोणाला गरजच राहिली नाही. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. आमची सभा दरवेळी तहकूब व्हायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मग बारा-पंधरा जणांत ठराव लिहून मोकळे. मला ते सोयीचं वाटायचं.

पद गेल्यावर नवा सरपंच नळयोजनेचं थकलेलं वीजबिल घेऊन माझ्या दारात आला. भला पोरगा होता. पण मोटारीचं कनेक्शन कोणाच्या नावावर, मंजुरीची फाईल कुठं, कोणाला भेटायचं, हे त्याला माहीत नव्हतं, सदस्यांनाही नव्हतं. सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यात. मी तेव्हा दवाखान्यात पडून होतो. सगळं निस्तरेपर्यंत बायांनी महिनाभर वावरातल्या विहिरीवरून पाणी आणलं. त्यांच्या डोक्यावरच्या त्या हंड्यांचं ओझं माझ्या नावावर आहे, असं मी मानतो.

म्हणून मी म्हणतो, सरपंचाला सलग दोन पंचवार्षिकांची मर्यादा कायद्यातच असावी. तू विचारशील, लोकांनाच मी पाहिजे असेल तर कायद्यानं का अडवायचं? पण आपला कायदा अडवतोच की. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून जास्त मुलं झाली, तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद मिळत नाही. घरी संडास नसला, तरी नाही. म्हणजे तिसरं मूल चालत नाही, पण तिसरं, चौथं, पाचवं पंचवार्षिक चालते! पंचायत सदस्याची अपात्रता ठरवायचा अधिकार घटनेनं राज्याच्या विधिमंडळाला दिलेला आहे, मनात आणलं तर ही अटही घालता येईल. आमदार-खासदारांचा विषय संसदेचा. सहकारी बँकांच्या संचालकांना तर २०२० सालीच सलग आठ वर्षांची मर्यादा लागली, २०२५ मध्ये ती दहा वर्षं झाली. कास्तकाराच्या ठेवीवर बसणाऱ्याला मर्यादा आहे, त्याच्या गावावर बसणाऱ्याला का नको?

आणि लोकांना तू पाहिजे, हे तरी कसं ओळखायचं? घरकुलाच्या यादीत नाव पाहिजे असलेली म्हातारी तुझ्यासमोर "दुसरं कोणी नको" असंच म्हणणार. दहा वर्षांत गावातल्या निम्म्या घरांवर तुझे उपकार झाले. तू ते मोजत नसशील, पण ते मोजतात. तुझ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पोराकडे द्यायला काहीच नाही. अशा निवडणुकीला बरोबरीची म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक प्रश्न मात्र मलाही अडवतो. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. दोन पंचवार्षिकांची मर्यादा असती, तर १९७२ च्या दुष्काळात काम ऐन भरात असताना त्यांचे दिवस भरत आले असते. मर्यादा चांगल्या माणसालाही उठवते, आणि ते नुकसान खरं असते. तरीही मी मर्यादेच्याच बाजूनं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्ती वाईट माणसाची कोण करते? ती चांगल्याचीच होते.

जमलं तर एकदा गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला जाऊन ये. २००९ साली त्या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथं ग्रामसभा सर्वांच्या संमतीनं निर्णय घेते. सरपंच कोण, हे विचारायच्या आधी सभेत बसून पाहा.

जाताना तुझ्या जागी नवऱ्याला बसवू नको, भावालाही नको. वहिनीच्या नावाआड मी जे केलं त्यानं मर्यादेला अर्थच राहिला नसता. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत स्वतःच ठराव मांड, की या गावात सलग दोनदा सरपंच झालेल्यानं आणि त्याच्या घरच्यांनी पुढचं पंचवार्षिक उभं राहायचं नाही. तो ठराव कायद्यानं कोणाला बांधणार नाही, हे आधीच सांगून टाक. गणपूर्ती झाली नाही, तर तहकूब सभेत तो उरकू नको. घरोघरी फिर, पुन्हा बोलाव.

तोपर्यंत नळयोजनेच्या सगळ्या कागदांची यादी कर, एक प्रत शाळेत ठेव आणि दोन तरुण सदस्यांना दर खेपेला पंचायत समितीत सोबत ने. मी सभेला येतो, पण मला समोरच्या खुर्चीवर बसवू नको.

तुझा,
काकाजी