टेबल सेव्हच होत नाहीये, टिक काढू का?

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये (डेटाबेस हाताळायचं टूल) ऑर्डर्सचं टेबल डिझाइनमध्ये उघडलं, मोबाइलच्या कॉलमवरची 'अलाव नल्स'ची (नल म्हणजे रिकामी जागा चालेल, ही) टिक काढली आणि एक नवीन कॉलम मधेच घातला. सेव्ह करायला गेलो तर 'सेव्हिंग चेंजेस इज नॉट परमिटेड', टेबल ड्रॉप करून, म्हणजे काढून टाकून, परत बनवावं लागेल म्हणतंय. सगळे सांगतात ऑप्शन्समधली एक टिक काढ, झालं काम. काढू का? टेबलात वीसेक लाख रो (ओळी) आहेत आणि सिस्टिम चालू आहे.

उत्तर : चालू सिस्टिमवर अजिबात काढू नका. ही एरर सर्व्हरची नाहीये, तुमच्या टूलची आहे, म्हणजे अजून डेटाला हातही लागलेला नाही, तेव्हा आधी घाबरणं थांबवा.

टेबल नव्याने बनवावं लागणारे बदल अडवणारी ती टिक टूल्स, ऑप्शन्स, मग डिझायनर्समध्ये असते, आणि ती काढल्यावर मागे काय होतं ते कुणी सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगतो. डिझायनर (टेबल डिझाइनची ती विंडो) आधी 'टीएमपी'ने सुरू होणाऱ्या नावाचं नवीन टेबल बनवतो, जुन्या टेबलला पूर्ण लॉक लावून तुमचे सगळे वीस लाख रो तिकडे कॉपी करतो, मग जुनं टेबल ड्रॉप करतो, नव्याचं नाव बदलतो आणि इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणूनची सूची), फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी असलेली जोड) सगळं परत बांधतो. तेवढा वेळ ऑर्डर घेणारा प्रत्येक माणूस खोळंबून बसणार. शिवाय त्या टेबलवर चेंज ट्रॅकिंग (कुठले रो बदलले याची नोंद) चालू असेल तर त्याची जमा झालेली माहिती जाते, ती परत येत नाही. खात्री करायची असेल तर टेस्टच्या कॉपीवर टिक काढा आणि सेव्ह न करता 'जनरेट चेंज स्क्रिप्ट' दाबा, सगळी स्क्रिप्ट समोर येईल, एकदा वाचाच.

आता तुमचं काम. नवीन कॉलम मधे का हवाय? टेबलात कॉलमचा क्रम कुठलाही असला तरी क्वेरीत नावं लिहून हव्या त्या क्रमाने मागवता येतात, त्यामुळे क्वेरी विंडोत 'ऑल्टर टेबल ॲड' ही कमांड देऊन शेवटी टाका. फक्त तो नॉट नल (रिकामा न चालणारा) असेल तर डिफॉल्ट (आपोआप भरायची किंमत) पण द्या, नाहीतर भरलेल्या टेबलवर ४९०१ नंबरची एरर येते.

मोबाइलचं मात्र नीट करायला हवं. आधी किती रोमध्ये नल आहे ते मोजा. एक जरी असला तरी सर्व्हर ५१५ नंबरची एरर देऊन नाही म्हणणार, आणि बरोबरच आहे त्याचं. त्या रोमध्ये काय भरायचं हे धंदा ज्याला कळतो त्याला विचारा, दहा शून्यं ठोकून मोकळे होऊ नका, पुढे कुणीतरी तो नंबर खरा समजून फोन लावेल. अपडेट झालं की मग 'ऑल्टर टेबल ऑर्डर्स ऑल्टर कॉलम मोबाइल व्हारचार(१५) नॉट नल', व्हारचार म्हणजे कमीजास्त लांबीचा मजकूर, साइझ अर्थात तुमच्या कॉलमची. ५०७४ आणि ४९२२ अशी एररची जोडी आली तर समजा त्या कॉलमवर इंडेक्स किंवा एखादा कन्स्ट्रेंट (डेटावरचा नियम) बसलाय, नाव एररमध्येच असतं, त्याची स्क्रिप्ट आधी काढून ठेवा, मग ड्रॉप करा, काम झालं की परत लावा.

आणि एक गोष्ट फार जणांना महागात पडते. नंतर कधी याच कॉलमची फक्त साइझ वाढवायला गेलात आणि 'नॉट नल' लिहायचं राहिलं तर साधारणपणे कॉलम गुपचूप परत नल घ्यायला लागतो. एरर नाही, काही नाही. म्हणून दरवेळी लिहायचंच.

प्रश्न : माझी टिक काढलेलीच आहे. व्हारचार ५० चं १०० करतेय तर टाइमआउट येतो. टेबल बिघडलं का?

उत्तर : नाही हो, अशा वेळी अर्धवट झालेलं काम सर्व्हर मागे घेतो. डिझायनरला साधारण ३० सेकंदांची मर्यादा असते आणि तो बहुतेक तुमचं अख्खं टेबल कॉपी करत बसलाय. हाच बदल क्वेरी विंडोत ऑल्टर कॉलमने करा, साइझ वाढवताना डेटा हलत नाही, फक्त टेबलची व्याख्या बदलते, क्षणात होतं. तरी अडकलं तर दुसऱ्या कुणाचं तरी ट्रान्झॅक्शन (अजून पूर्ण न झालेलं काम) उघडं आहे, आणि तुम्ही थांबलात की तुमच्या मागे बाकीच्यांचीही रांग लागते. म्हणून आधी 'सेट लॉक टाइमआउट ५०००' लिहा, पाच सेकंदांत लॉक मिळाला नाही तर १२२२ एरर देऊन ते आपणच बाजूला होईल, गर्दी कमी झाली की परत चालवा.