वाचकांचे प्रश्न : जुन्या भिंतीतला चुना, त्याची तपासणी आणि दुरुस्ती

प्रश्न : आमचा वाडा १७६० च्या सुमारास बांधला, असे घरातली मंडळी सांगतात. कागदपत्रे हाती नाहीत. भिंतीतल्या चुन्याची कार्बन चाचणी केली तर साल कळेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चुन्याचे वय काढता येते, पण वाडा १७६० चा की १८०० चा, हे त्या चाचणीतून ठरणार नाही. कारण आधी समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो भिजवून, वाळूत मळून भिंतीत घातला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत घट्ट होतो. शोषलेला हा कार्बन बांधकामाच्या काळातल्या हवेतला असतो. त्यातल्या कार्बन-१४ चे, म्हणजे काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचे, प्रमाण मोजले की वय मिळते. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या मध्ययुगीन चर्चसाठी ही पद्धत १९९० च्या दशकापासून पद्धतशीर वापरली गेली आणि तिचे बरेचसे नियम तिथेच घासूनपुसून तयार झाले.

गफलत होते ती भेसळीमुळे. भट्टीत नीट न भाजलेला चुनखडीचा कण मिश्रणात राहिला, तर त्यातला कार्बन लाखो वर्षांपूर्वीचा. त्यात कार्बन-१४ शिल्लक नसतो. असा कार्बन फक्त १ टक्का मिसळला तरी वय सुमारे ८० वर्षांनी जास्त दिसते. ५ टक्के मिसळला तर ४०० वर्षांनी. उलट, भिंतीत पाणी झिरपून चुना विरघळला आणि पुन्हा साठला, तर वय कमी दिसते. जाड भिंतीच्या पोटातला चुना तर कित्येक वर्षे ओलाच राहतो आणि उशिरा हवा खातो. म्हणून वयासाठीचा नमुना भिंतीच्या मूळ दर्शनी बाजूलगतचा घेतात, गाभ्यातला नाही. प्रयोगशाळेत तो हलक्या हाताने फोडून चाळतात, अगदी बारीक कण वेगळे काढतात आणि त्यावर फॉस्फोरिक आम्ल टाकून पहिल्या काही सेकंदांत निघणारा वायू वेगळा धरतात. भिंतीत घट्ट झालेला बारीक चुना झटकन विरघळतो, मूळ चुनखडी रेंगाळते. मिश्रणात तांदळाएवढे पांढरे, मऊ चुन्याचे गोळे दिसले तर नमुना म्हणून तेच उत्तम, कारण त्यांत वाळू नसते.

एवढे सगळे नीट पार पडले तरी पेशवाईच्या काळासाठी आणखी एक अडचण उरतेच. साधारण १६५० नंतरच्या तीन शतकांत हवेतल्या कार्बन-१४ चा आलेख वरखाली होत राहतो. प्रयोगशाळेने ‘२०० अधिक-उणे ३० वर्षे’ असा आकडा दिला, तर त्याचा अर्थ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, १७३० ते १८१० चा पट्टा किंवा थेट विसाव्या शतकाचा काही भाग, यांपैकी काहीही होऊ शकतो. तुमच्या वाड्याला याचा उपयोग काय?

हाच पैसा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीवर घाला. नमुना राळेत गोठवून ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासतात. तीत भट्टीची राख, कोळशाचे कण, चुन्याचे गोळे, गिलाव्याचे थर आणि पुन्हा साठलेला चुना वेगवेगळे ओळखू येतात. पोर्टलंड सिमेंटच्या क्लिंकरचा (भट्टीत भाजून झालेल्या खड्यांचा) एक कण सापडला तरी तो थर नंतरच्या दुरुस्तीचा हे नक्की: या सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली निघाले. कोणता भाग मूळचा, कोणता वाढवलेला हा क्रम अशा तपासणीतून भक्कम मिळतो. सालासाठी मात्र मोडी कागदच धुंडाळावे लागतील. पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन ठिकाणी आधी चौकशी करा.

आणखी दोन गोष्टी. वाड्याला कधी आग लागली असेल तर त्या भागातला नमुना घेऊ नका. मोठ्या आगीत चुना पुन्हा भाजला जातो आणि नंतर नव्याने हवा शोषतो. मग वय निघते ते आगीचे. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा आणि मोठी आग १८२८ ची, म्हणजे तिथे असा नमुना शतकभराचा गोंधळ घालू शकतो. दुसरे, वाळूतल्या गारेवर (क्वार्ट्झच्या कणांवर) शेवटचा प्रकाश कधी पडला हे मोजून वय काढायची पद्धत आहे, पण दख्खनची नदीवाळू काळ्या दगडाची. तीत चाचणीला हवी तशी गार फारशी नसते.

प्रश्न : ठेकेदार म्हणतो जुने प्रमाण १ चुना, ३ वाळू. हे तपासायचे कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आम्लाची साधी चाचणी महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेतही होते. घरी करू नका. धूर येतो आणि हात भाजतात.

मूळच्या, न दुरुस्त केलेल्या जागेतून, पृष्ठभागाच्या ५ ते १० सेंटिमीटर आतून १०० ग्रॅम नमुना घ्या. जमिनीलगतची लोणा (मिठाचा पांढरा थर) लागलेली जागा टाळा. एक ३-४ सेंटिमीटरचा अखंड तुकडा न फोडता बाजूला ठेवा, तो सूक्ष्मदर्शकासाठी. पिशवीवर दिशा, उंची आणि दिनांक लिहा. बाकीचा नमुना १०५ अंशांना वाळवून लाकडी हातोडीने असा फोडा की वाळूचा कण चिरडणार नाही. आता भिंगातून वाळू पाहा. हे टाळून थेट आम्लाकडे धावणारे खूप, आणि चूक तिथेच होते: वाळूत कंकराचे (मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गोळ्यांचे) किंवा शिंपल्याचे कण असतील तर तेही आम्लात विरघळतात आणि चुना उगाच भरपूर दिसतो.

मग २० ग्रॅम नमुना काचेच्या भांड्यात घ्या. बाजारातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ भाग ९ भाग पाण्यात ओता, पाणी आम्लात नव्हे. हे द्रावण २५० मिलिलिटर लागेल. ते थोडे थोडे सोडा, नाहीतर फेस भांड्याबाहेर येतो. फसफस थांबल्यावर वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा, धुवा, वाळवा, पुन्हा वजन करा. गाळलेले पाणी पिवळसर झाले तर घाबरू नका, ते काळ्या दगडातले किंवा विटेतले लोह. गाळणकागद जेलीसारख्या चिकट थराने तुंबला तर मात्र लक्ष द्या. चुना पाण्यातही घट्ट होणाऱ्या जातीचा असावा किंवा त्यात सुरखी (विटेची भुकटी) असावी, अशी ती खूण आहे. दख्खनच्या दगडातली काही झिओलाइट खनिजेही असाच चिकटा करतात, म्हणून खात्री क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे खनिजे ओळखणाऱ्या चाचणीने, करावी.

समजा १४ ग्रॅम उरले. विरघळले ६ ग्रॅम, ते सगळे कॅल्शियम कार्बोनेट धरू. त्याला ०.७४ ने गुणा, भिजवून भुकटी झालेल्या कोरड्या चुन्याचे वजन ४.४ ग्रॅम. वजनाने प्रमाण १ : ३.२ आले. ठेकेदार बरोबर? नाही. तो घमेल्याने मोजतो, म्हणजे आकारमानाने. चुन्याची भुकटी हलकी असते, घनता सुमारे ०.५५; सैल वाळूची १.५ च्या आसपास. ४.४ भागिले ०.५५ म्हणजे ८, आणि १४ भागिले १.५ म्हणजे ९.३. घमेल्याने प्रमाण १ : १.२ च्या आसपास. घमेल्याने १ : ३ घातले तर मूळच्या निम्म्याहून कमी चुना पडेल आणि दर्जा (दगड-विटांमधले सांधे) दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होतील.

शिवाय जुन्या भिंतीतून पावसाने काही चुना धुऊन गेलेला असतो, म्हणून आकडा थोडा कमीच येतो. तंतोतंत नक्कल करू नका, चुना किंचित जास्त धरा. वाळू मात्र मूळच्या वाळूसारखीच मिळवा. ४.७५ मिलिमीटरपासून ७५ मायक्रॉनपर्यंतच्या चाळण्यांवर उरलेली वाळू चाळून प्रत्येक चाळणीवरचे वजन लिहा आणि नवी वाळू त्याच्याशी ताडून पाहा. चुना विकत घेताना आयएस ७१२ या चुन्याच्या भारतीय मानकातला वर्ग विचारा. क वर्ग, म्हणजे इंग्रजी सी, हा शुद्ध चुना, फक्त हवेने घट्ट होणारा; ए आणि बी हे पाण्यात घट्ट होणारे; ई म्हणजे कंकराचा चुना. दुकानदार ‘बिल्डिंग लाइम’ एवढेच म्हणाला तर दुसरे दुकान पाहा.

प्रश्न : कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या चुन्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. याचा अर्थ काय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दोन शक्यता आहेत. चुना शिंपले भाजून केला असेल आणि काही तुकडे कच्चे राहिले असतील; किंवा वाळूच किनाऱ्यावरची असेल. झिजून गोल झालेले तुकडे बहुधा वाळूतले. कडा धारदार पण अंग खडूसारखे पांढुरके झालेले तुकडे भट्टीतले. क्ष-किरण विवर्तनात अ‍ॅरागोनाइट हे शिंपल्यातले खनिज दिसले तर कच्चा शिंपला आहे, कारण ते खनिज भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही. वाळू किनाऱ्यावरची निघाली तर मीठही आहे असे धरून चला आणि दुरुस्तीला धुतलेली नदीवाळू वापरा. कार्बन चाचणीचा विचार असेल तर शिंपल्याचे तुकडे वेचून काढायलाच हवेत. समुद्रातल्या कार्बनचे वय हवेतल्यापेक्षा सरासरी ४०० वर्षांनी जास्त दिसते.

प्रश्न : गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घातल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध होते का? आणि आता घालावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अवरक्त वर्णपटात (पदार्थ कोणता प्रकाश शोषतो ते पाहणाऱ्या चाचणीत) शर्करा, प्रथिने, स्निग्ध द्रव्ये यांच्या खुणा कधीकधी मिळतात. त्यावरून ‘गूळ होता’ म्हणणे धाडसाचे. गूळ पाण्यात विरघळतो, बुरशी तो खाते आणि देवळाच्या भिंतीत अभिषेकाचे दूध-तूप शतकानुशतके मुरलेले असते. तंतू मात्र टिकतात: वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले गेले, ते संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. गुळाचे पाणी थोडे घातले तर चुना जास्त विरघळतो आणि मिश्रण हाताला लोण्यासारखे लागते. जास्त झाले तर घट्ट होणेच लांबते आणि मुंग्या येतात. चुन्याच्या वजनाच्या १ टक्क्यापुढे जाऊ नका, तेही आधी भिंतीच्या एका कोपऱ्यात करून पाहा. चांगली मळणी आणि महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना यांचा उपयोग गुळाहून कितीतरी जास्त.

प्रश्न : देवळाच्या दगडी भिंतीच्या दर्जा पूर्वी सिमेंटने भरल्या आहेत. आता आत ओल आली. सगळे सिमेंट काढावे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : काळा दगड फारसे पाणी पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल दर्जांतूनच बाहेर पडते. त्या सिमेंटने बुजवल्या की ओल आतल्या चुन्यात साठते आणि गाभा पोकळ होतो. तरीही सरसकट काढू नका. ठोकून पाहा, बद्द वाजते किंवा भेग दिसते तिथलेच काढा. घट्ट चिकटलेले सिमेंट ओरबाडताना दगडाची कड उडते, आणि विजेचा कटर तर दर्जच रुंद करतो. बारीक छिन्नीने, दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, किमान २५ मिलिमीटर उकरा. धूळ झाडा, भिंत भिजवा, पाणी शोषले जाऊ द्या, मग चुना १०-१२ मिलिमीटरच्या थरांत दाबून भरा. वर ओले गोणपाट किमान १० दिवस.

वेळ महत्त्वाची. शुद्ध चुना ढोबळमानाने महिन्याला मिलिमीटरभर हवा खातो, त्यालाही थोडी ओल लागते. वाईसारख्या पावसाच्या गावात काम दसऱ्यानंतर सुरू करून जानेवारीअखेर आटोपा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो नुसता वाळतो, घट्ट होत नाही. जिथे सतत पाणी लागते तिथल्या चुन्यात सुरखी घाला, पण ती कमी भाजलेल्या विटेची. आजच्या भट्टीतली जास्त भाजलेली वीट कुटली तर ती नुसती तांबडी वाळू.

आणि एक पाहा: यादवकाळातली बहुतेक हेमाडपंती देवळे चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून बांधलेली आहेत. तुमचे देऊळ त्यांतले असेल तर दर्जांतला चुनाही नंतरचाच, आणि तिथे चुना भरायचा की सांधा मोकळा ठेवायचा हे आधी ठरवावे लागेल.

प्रश्न : नमुना काढायला परवानगी लागते का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : केंद्र संरक्षित स्मारकातून चिमूटभर चुनाही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही, राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी लागते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, तुमचे घर त्यात येत असेल तर दुरुस्तीआधीही अर्ज करावा लागतो. अर्जात किती ग्रॅम, कुठून, कोणत्या चाचणीसाठी आणि खाच कशाने बुजवणार हे लिहा.