कॉन्ट्रा डान्स कॉल करताना नवीन लोक गोंधळू नयेत म्हणून शब्द कसे वापरायचे?

तुम्ही म्हणताय की बरेच दिवस कॉन्ट्रा (समोरासमोरच्या दोन रांगांत जोड्यांनी करायचा लोकनृत्यप्रकार) नाचताय, आता नवीन लोकांना अर्धा तास शिकवून एक-दोन डान्स कॉल करायचेत (म्हणजे माइकवरून पुढची फिगर, पुढची हालचाल, सांगायची) आणि भीती ही की तुम्ही सांगाल एक आणि हॉल करेल भलतंच. मी मॅसॅच्युसेट्समध्ये अधूनमधून कॉल करते, त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी, त्या अर्ध्या तासात सगळी नावं शिकवायला जाऊ नका. पार्टनर (तुमचा जोडीदार), नेबर (शेजारच्या जोडीतला, ज्याच्याशी त्या फेरीत नाचता), लार्क आणि रॉबिन (जोडीतल्या दोन भूमिका), आणि वर म्हणजे बँडची बाजू, बास. शॅडो (डान्सभर परत परत भेटणारी दुसरी व्यक्ती), “हे फॉर फोर” (चौघांनी एकमेकांना ओलांडत विणल्यासारखं चालणं) वगैरे ज्या डान्समध्ये येईल त्याच्या वॉकथ्रूला (म्युझिकशिवाय सावकाश करून बघताना) सांगा. लार्क-रॉबिन मला आवडतं कारण लार्क लेफ्टला, रॉबिन राइटला, अक्षरावरूनच लक्षात राहतं. काही ठिकाणी अजून जेंट्स-लेडीज चालतं, तर आयोजकांना आधी विचारून घ्या, पण जे घ्याल ते रात्रभर तेच ठेवा, मध्येच बदललंत तर पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं हे कोणीतरी तिसरंच आहे. तसंच जिप्सी (दोघांनी एकमेकांकडे बघत, हात न धरता एकमेकांभोवती फिरणं) म्हणायचं आता बऱ्याच ठिकाणी बंद झालंय, रोमा लोकांना तो शब्द लागतो म्हणून, त्याऐवजी राइट शोल्डर राउंड म्हणतात आणि त्यात कोणता खांदा हेही आपोआप सांगून होतं.

दुसरं, किती फिरायचं त्यापेक्षा कुठे पोचायचं ते सांगा. नेबर स्विंगनंतर (नेबरला धरून दोघांनी जागेवर गोल फिरल्यावर) सर्कल लेफ्ट थ्री क्वार्टर्स (चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण फेरी) म्हटलं की नवीन माणूस मनात गणित करत बसतो आणि तोवर म्युझिक पुढे गेलेलं असतं. थ्री प्लेसेस म्हणा, वॉकथ्रूला एक जागा, दोन जागा, तीन जागा असं मोठ्याने मोजून थांबवा आणि म्हणा, आता बाजूला बघा, पार्टनर आहे ना? हो म्हणाले की झालं. रॉबिन्स ॲलमांड राइट (दोन रॉबिन्सनी उजवे हात धरून एकमेकांभोवती फिरणं) दीड फेरी असेल तर पलीकडे उभ्या पार्टनरकडे बोट दाखवा. आणि स्विंगचा शेवट मात्र घोटून घ्या, रॉबिन उजवीकडे, दोघांची तोंडं सेटच्या (नाचणाऱ्यांच्या रांगांच्या) आत. पाय कसे टाकतात ते नंतर जमतं, पण हा शेवट चुकला की पुढची प्रत्येक फिगर उलटी होते, माझ्या मते निम्मा गोंधळ इथूनच येतो.

आता माइकवर. डान्स 64 काउंटचा, बहुतेक फिगर 8 काउंटच्या, आणि तुमचे शब्द आधीच्या फिगरच्या शेवटच्या 4 काउंटमध्ये संपले पाहिजेत म्हणजे लोक पुढच्या एकवर हलतात. एकवर बोललात तर ते तीनवर हलणार. क्रम कोण, काय, किती. “रॉबिन्स, राइट, वन्स अँड अ हाफ”, एवढंच, प्लीज आणि ओके नाऊ नको. घरी रेकॉर्डिंग लावून मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात सगळं बसतंच.

लोकांना जमलंय असं दिसलं की शब्द कमी करत जा, आधी फक्त “रॉबिन्स राइट”, मग नुसतं “स्विंग”, मग गप्प. पण एखादा कोपरा विस्कटला तर परत पूर्ण कॉल सुरू करा, आणि समजावत बसू नका, फक्त “पार्टनर शोधा, स्विंग करा” एवढं इंग्रजीत ओरडा, शेजारचे लोक हाताला धरून त्यांना जागेवर आणतात.