ती नक्की कुणासारखी होणार?

'आमची मुलगी प्रत्येकाशी वेगळीच बोलते. तिचा स्वतःचा असा काही स्वभाव तयार होईल की नाही?' सल्ला घ्यायला येणारे गोव्यातले आईवडील हे मला फार वेळा विचारतात. इथे मुलं घरात कोकणी बोलतात, देवळात मराठी आरत्या म्हणतात, कित्येक जण चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला इंग्रजीत जातात. काही घरांत तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आणि नाताळ दोन्ही असतात.

अशाच एका घराबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील मूळ कोल्हापूरचे, फोंड्यात स्थायिक झालेले. आई सासष्टीतल्या कॅथलिक घरातली. मुलगी १३ वर्षांची. कोल्हापूरची आजी फक्त मराठी बोलते. आईची आई, म्हणजे मुलीची शामांय, कोकणी बोलते आणि रोमी, म्हणजे रोमन, लिपीत वाचते. दोघींना एकमेकींचं निम्मंच समजतं. गेल्या चवथीपासून पाहुणे आले की मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसायची. दोन धर्म आणि तीन भाषांनी तिचा गोंधळ उडाला, असं आईवडिलांनी ठरवूनच टाकलं होतं.

माझ्याशी ती मराठीत सुरू करायची, शाळेचा विषय निघाला की इंग्रजीत जायची, चिडली की कोकणीत. गोंधळ कुठेच नव्हता. कुणाशी काय बोलायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. दोन भाषा बोलणारा माणूस म्हणजे एका अंगात कोंबलेली दोन अर्धी माणसं नव्हेत, असं फ्रान्स्वा ग्रोझाँ या अभ्यासकाने १९८९ मध्येच मांडलं होतं.

मग ती गप्प का? हळूहळू उलगडलं. दोन्ही घरं एकत्र आली की दुभाषी तीच. आजी म्हणायची, 'यांच्यात कसलंही मांस खातात म्हणे.' मुलगी कोकणीत सांगायची, 'आजीला तुझ्या हातचं जेवण आवडलं.' शामांय विचारायची, 'पोरीला इगर्जीत (चर्चमध्ये) का पाठवत नाहीत?' ती मराठीत सांगायची, 'शामांय तुझी तब्येत विचारतेय.' खरं सांगितलं तर आईबाबांचं भांडण होईल, अशी तिला धास्ती होती. वर मामा-काका गमतीत विचारणार, 'तू आमची की त्यांची?'

हे मला फार लागलं. धर्म आणि भाषा ओलांडून लग्न करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मोठ्यांचं एकमेकांशी बोलायचं राहिलेलं लेकराने का बोलायचं? त्यात गोव्यात भाषा हा विषय हळवा. १९८७ च्या राजभाषा कायद्याआधीचे 'कोकणी की मराठी' हे वाद अनेक घरांत अजून निघतात, आणि मुलं ते ऐकत असतात.

आईवडिलांना मी सांगितलं, तिचं दुभाषीपण आजपासून बंद. सासूबाईंशी वडिलांनी स्वतः बोलायचं, मोडक्या कोकणीत का होईना. कोल्हापूरच्या आजीला इगर्जीबद्दलचा निर्णय सुनेने आणि मुलाने मिळून सांगायचा. 'कुणाची' असं कुणी विचारलंच, तर आईने किंवा बाबांनी तिथल्या तिथे थांबवायचं. उत्तर मुलीवर सोडायचं नाही. तिने कुठली भाषा कुणाशी बोलावी, यात मात्र अजिबात हात घालायचा नाही.

अशी चिंता असलेल्या पालकांनी एक फरक ओळखावा. मूल माणूस बघून भाषा बदलतं, वाक्यात दोन भाषा मिसळतं, यात आजार नाही. पण घरी बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ तोंडच उघडत नसेल, किंवा झोप, भूक, मैत्रिणी सगळंच सुटत चाललं असेल, तर थांबू नका. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात किंवा जवळच्या बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

या मुलीच्या घरी नाताळात इगर्जीचा विषय निघाला आणि आवाज चढले. ती ज्या भांडणाला घाबरत होती ते झालं. वडील आणि शामांय दोन दिवस अबोला धरून होते, मग शामांयनेच फोन केला. मुलगी अजूनही गर्दीत कमी बोलते. मध्यंतरी आजीने 'तिला सांग गं' म्हणून काहीतरी सुरू केलं, तेव्हा ती म्हणाली, 'शामांय समोरच बसलीय, तूच विचार.'