बाळाच्या समर्पणाआधी

ताई, चर्चमध्ये बाळाला देवाच्या हाती सोपवतात ते समर्पण म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याने होणारा दीक्षाविधी, नव्हे. बाळाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, त्या दिवशी होत नाही. मोठं झाल्यावर विश्वास त्याचा त्यानेच ठेवायचा. त्या दिवशी वचन देता ते तुम्ही दोघं. बायबलमधली हन्नाची गोष्ट, 1 शमुवेल अध्याय 1, घरी मोठ्याने वाचा. नवस करून मागितलेला मुलगा तिने दूध तोडल्यावर शिलोच्या मंदिरात नेऊन परमेश्वराला दिला. तिथे मला अजूनही गलबलून येतं. येशूचे आईबाप मरीया-योसेफ यांनी तर बाळाला मंदिरात नेलं तेव्हा गरिबांचं अर्पण केलं, पक्ष्यांची जोडी. तेव्हा हॉल, केक यांसाठी कर्ज काढू नका. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आधी भेटा, मंडळीला, म्हणजे जमलेल्या चर्चच्या लोकांना, कोणते प्रश्न विचारतात तेही समजून घ्या, कारण तीही वचन देते. आणि घरची प्रार्थना आजच सुरू करा, बाळ झोपलेलं असलं तरी.