"साहेब, काय करू?"

"माणसं कामाला चांगली आहेत हो, पण डोकं चालवत नाहीत." सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांकडून मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. पाठोपाठ मागणीही ठरलेली: "एखादं ट्रेनिंग घ्या, विचार करायला शिकवा त्यांना." त्यातल्या एका मशीन शॉपची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुपवाड एमआयडीसीतलं हे युनिट ॲल्युमिनियम कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करून देतं. मालक स्वतः मशीनवर उभं राहून वर आलेले. आम्ही बोलत बसलो तेव्हा त्यांचा फोन थांबत नव्हता. "साहेब, इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) बदलू का?" "टेम्पो आलाय, माल भरू का?" ते प्रत्येकाला लगेच उत्तर देत होते आणि उत्तरं बरोबर होती. गोम तिथंच होती. अर्ध्या मिनिटात बिनचूक उत्तर मिळत असेल, तर शहाणा माणूस स्वतःचं डोकं कशाला शिणवेल?

चहाच्या सुट्टीत ऑपरेटरांशी बोलायला गेले. कामाविषयी कुणी तोंड उघडेना, म्हणून घरच्या शेतीकडे वळले. एकाची तासगावकडे द्राक्षबाग. फळछाटणीनंतर पावसानं गाठलेलं. मग गडी जो सुटला! पानं किती वेळ ओली राहिली, डावणी रोग आधी कुठल्या ओळीत दिसतो, दुकानदारानं गळ्यात मारायचा प्रयत्न केलेलं औषध का घेतलं नाही, शेजारच्या बागेत काय झालं. पुरावा तपासणं, सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे ते ओळखणं, अंदाज चुकला तर काय जाईल याचा हिशेब मांडणं: ट्रेनिंगमध्ये मी हेच तर शिकवणार होते.

"मग इथं का नाही?" असं विचारलं तर तो हसला. उत्तर शेजारच्यानं दिलं. मागं एकदा यानं बोअरच्या, म्हणजे भागातल्या गोल भोकाच्या, मापाबद्दल काहीतरी सुचवलं होतं. तेव्हा सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं, "तू इंजिनिअर झालास काय?" तेव्हापासून तो विचारून करतो. "बागंत चुकलं तर माल जातोय मॅडम, हितं चुकलं तर लाज जातीय."

ट्रेनिंगला मी नकार दिला. त्याऐवजी मालकांनी त्यांच्याच सतावणाऱ्या प्रश्नावर एक बैठक घ्यायची, आणि तीत सर्वांत शेवटी बोलायचं. (हे त्यांना फार जड गेलं. दोनदा उठून बाहेर फिरून आले.) प्रश्न असा: बोअर लहान आहे म्हणून ग्राहकाकडून माल परत येत होता. मशीनचा ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेची दुरुस्ती, वाढवला की काही दिवस बरे जायचे, मग बोअर मोठा यायचा.

चर्चेआधी प्रत्येकानं चिठ्ठीवर आपला अंदाज लिहायचा आणि खाली 'कशावरून' ते लिहायचं. चिठ्ठी आधी का? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950च्या दशकात केलेले रेघांच्या लांबीचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. बाकीचे सगळे एकमुखानं चुकीचं उत्तर देऊ लागले की डोळ्यांना दिसत असूनही बरीच माणसं त्यांच्या सुरात सूर मिसळत. एकानं जरी वेगळं उत्तर दिलं, तरी हे प्रमाण खूप घटे. बैठकीत पहिला बोलणारा पगार देणारा असेल तर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

बहुतेक चिठ्ठ्यांवर इन्सर्ट किंवा कास्टिंग होतं. बागवाल्याच्या चिठ्ठीवर होतं: "जॉब (मशीनवरचा भाग) गरम असतानाच मोजतोय. काल मापात बसलेला आज सकाळी बसत नाही." वाद घालण्यापेक्षा काही जॉबवर खुणा करून ते मशीनवरून उतरल्यावर आणि दुसऱ्या दिवशी असे दोनदा मोजले. आकडे त्याच्या बाजूनं निघाले. ॲल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं. 100 मिलिमीटरचा बोअर 15 अंशांनी जास्त गरम असेल तर जवळपास 35 मायक्रॉन मोठा भरतो, आणि या मापाच्या एच-7 (अचूकतेचा एक ठरलेला दर्जा) बोअरला एकूण टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारी तफावत, 35 मायक्रॉनचा असतो. आता जॉब थंड करूनच गेज लावतात.

त्यानंतर "काय करू?" असा फोन आला की मालकांनी उलट विचारायचं, "तुला काय वाटतं, आणि कशावरून?" आणि मग गप्प राहायचं. कुठले निर्णय ऑपरेटरनं परस्पर घ्यायचे, कुठले विचारून, हे लिहून मशीनशेजारी लावलं. ड्रॉइंगमधला बदल विचारल्याशिवाय नाही. मशीन थांबवायला मात्र परवानगी लागत नाही. जिवाला धोका असेल तिथं हे प्रश्नोत्तर अर्थातच नाही, तिथं सरळ हुकूम.

चुका लिहायला एक वहीही ठेवली. पहिल्या महिन्यात तीत नोंदवलेल्या चुका वाढल्या आणि मालकांचा घाबरून फोन आला. संशोधक एमी एडमंडसन यांना अमेरिकेतल्या रुग्णालयांत असंच आढळलं होतं: चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त, कारण तिथली माणसं त्या लपवत नव्हती. मालकांना म्हटलं, वही बंद करू नका. फक्त 'का?' विचारत जाताना उत्तर एखाद्याच्या नावाशी येऊन थांबलं, तर आणखी एकदा 'का?' विचारा.

सध्या नाराज आहेत ते सुपरवायझर. इतकी वर्षं मालकांपर्यंतची वाट त्यांच्यावरूनच जायची. आता पोरं थेट वहीत लिहितात, आणि आपलं वजन गेलं असं त्यांना वाटतं. तेही खोटं नाही. पुढच्या भेटीला मी मालकांना बोलावलेलं नाही, सुपरवायझरना एकटंच यायला सांगितलंय.