विचारा तर खरं : रिपोर्टवर एएस लिहून आलं, आता काय?

प्रश्न : मी बारावी सायन्सले आहे, कुरखेडा तालुक्यात राहतो आम्ही. कॉलेजात सिकलसेलची तपासणी झाली त्यात माझं एएस आलं. लहान भाऊ एसएस आहे, त्याचे हातपाय दुखतात तर रात्रभर रडते. आजी म्हणते मले त्याच्यापासूनच लागलं, नि आत्या आईलेच बोलून राहिली का हे तुह्या माहेराहून आलं. मलेबी तसंच दुखन का? माझं लग्न होईन का?

उत्तर : पोरी, हे लागत नाही. एका ताटात जेवा, एका चादरीत झोपा, नाही लागत. जन्माआधीच आईबाबांकडून जे मिळालं तेवढंच, नंतर त्यात भर पडत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं एक जनुक आईकडून आणि एक बाबांकडून मिळतं; ए म्हणजे साधं, एस म्हणजे सिकलसेलचं. एएस म्हणजे दोन्हींतलं एकेक, एसएस म्हणजे दोन्ही सिकलसेलची, आणि तोच आजार.

आता आत्याचं. भाऊ एसएस आहे म्हणजे एक एस आईकडून आणि दुसरा एस बाबांकडूनच आलेला आहे, दुसरा रस्ताच नाही. आणि बाबांकडचा एस आला तो त्यांच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून, म्हणजे आत्याकडेही तो असू शकतो. तिनंही तपासून घ्यावं, तिच्या लेकरांसाठी कामाचं आहे. एकट्या आईला बोलणं चूक आहे आणि हे मी तुझ्या समाधानासाठी नाही म्हणत, बायोलॉजीच तसं सांगते.

होते काय तर हिमोग्लोबिनची जी बीटा साखळी असते 146 अमिनो आम्लांची, तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल पाहिजे तिथं व्हॅलिन बसतं. फरक एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब दोरे होतात, मग गोल मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी नि कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढं रक्त जात नाही आणि तेच तुझ्या भावाचं रात्रीचं दुखणं. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते, म्हणून त्याचे डोळे पिवळे दिसतात आणि अंगात रक्त टिकत नाही.

तुझ्याकडे एक ए आहे, तो बहुतेक काम सांभाळून घेतो. त्यामुळे तू वाहक आहेस, पेशंट नाहीस, त्याच्यासारखं दुखणं तुला साधारणपणे होणार नाही. उलट एएस लेकरांना जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात एस पिढ्यान् पिढ्या टिकला (मच्छरदाणी मात्र लावायचीच, मलेरिया वाहकालाही होतो).

लग्न नक्की होईल. फक्त पोराची तपासणी आधी करायची, सिकलसेलसोबत थॅलेसेमियाचीही (हाही आईबाबांकडून येणारा हिमोग्लोबिनचाच आजार). तो पूर्ण नॉर्मल निघाला तर तुमचं लेकरू एसएस होणार नाही, एएस होऊ शकतं. दोघंही एएस असाल तर दोन नाणी घे, छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस, आणि फेकून बघ. दोन्ही काटे पडायची शक्यता 25 टक्के. लोकं इथंच चुकतात, त्यांना वाटते चारातलं एक आजारी झालं म्हणजे बाकी तीन सुटले. नाही ना. प्रत्येक गरोदरपणात नाणी नव्यानं फेकली जातात.

आणि एक, कॉलेजात नळीतली टेस्ट झाली असेल ना, नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. त्या नळीवरून एएस की एसएस हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी टेस्ट. तुझं एएस या दुसऱ्या टेस्टवरूनच लिहिलंय का हे एकदा दवाखान्यात विचारून घे.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत एक एसएस मुलगा आहे, वसतिगृहात काय पाहायचं? लोहाच्या गोळ्यांनी फरक पडेल का? (शिक्षक, मेळघाट)

उत्तर : सर, त्याच्याकडे लोह कमी आहे म्हणून रक्त कमी नाही, पेशी लवकर फुटतात म्हणून कमी आहे, तर डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय लोह नको. त्याला सहसा फॉलिक ॲसिड देतात, काहींना हायड्रॉक्सीयुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं औषध), दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. पाण्याची बाटली कायम त्याच्याजवळ असू द्या, रात्री लघवीला उठतो म्हणून पाणी तोडू नका, या आजारात लघवी जास्त होतेच. हिवाळ्यात थंड पाण्यानं आंघोळ नको, उन्हात पळवू नका. आणि ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी काढा, कारण या मुलांची प्लीहा (पोटातला जंतूंशी लढणारा अवयव) नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग काही तासांतच जिवावर बेततो.